डीझेल निष्कास व नागरी आरोग्य

डीझेल एंजिनात इंधनाचे ज्वलन झाल्यावर निष्कास नळीतून बाहेर पडणारे वायू, बाष्पे व अतिसूक्ष्म कण यांच्या मिश्रणाला डीझेल निष्कास म्हणतात. मालमोटारी, बसगाड्या, टॅक्सी व खाजगी मोटारगाड्या, तसेच ट्रॅक्टर, विद्युत् जनित्रे आणि बांधकामावरील यंत्रे ही त्याची प्रमुख उगमस्थाने होत. दाट वस्तीच्या शहरात हा निष्कास रस्त्यालगत, जवळजवळ माणसाच्या श्वासाच्या उंचीवर सोडला जातो. त्यामुळे शहराच्या एकूण धुळीत त्याचे वजन अल्प भरले, तरी आरोग्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. फुप्फुसाचा कर्करोग, दमा व श्वसनमार्गाचे इतर विकार आणि हृदय व रक्तवाहिन्या यांचे विकार यांच्याशी त्याचा संबंध आढळून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये त्याची गणना ‘बहुधा कर्ककारक’ पदार्थांत केली होती. १२ जून २०१२ रोजी तिने तो मानवात निश्चितपणे कर्ककारक असल्याचे जाहीर करून त्याला पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर व ॲस्बेस्टस हेही याच गटात मोडतात. मात्र हे वर्गीकरण पुराव्याच्या बळकटीवर केलेले आहे. गटातील सर्व पदार्थांचा धोका सारख्याच प्रमाणाचा आहे, असा त्याचा अर्थ नाही.

उत्पत्ती : रूडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यांनी १८९३ मध्ये आपल्या एंजिनाचे एकस्व (पेटंट) मिळविले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्क येथे ते यशस्वी रीत्या चालवून दाखविले. या एंजिनात इंधन ठिणगीने पेटवीत नाहीत. सिलिंडरातील हवा दट्ट्याने जोराने दाबल्यामुळे अतिशय तापते व तीत इंधनाचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते [→ अंतर्ज्वलन-एंजिन]. या पद्धतीमुळे इंधनातील उष्णतेचा अधिक कार्यक्षम उपयोग होतो आणि कार्बन मोनॉक्साइड पेट्रोल एंजिनापेक्षा कमी तयार होते. तथापि फवाऱ्यातील थेंबांभोवती काही ठिकाणी इंधन जास्त व हवा कमी अशी स्थिती उद्‌भवते आणि तेथे काजळी तयार होते. तर जेथे हवा भरपूर व तापमान फार उच्च असते, तेथे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनाची ऑक्साइडे बनतात. एंजिनाच्या रचनेत फेरफार करून यांपैकी एक कमी करू गेल्यास दुसरे वाढते. ही अडचण डीझेल एंजिनाच्या अभिकल्पकांना दीर्घकाळ भेडसावीत आली आहे.

जुनी वा नीट देखभाल न केलेली एंजिने, झिजलेले इंधन-अंतःक्षेपक, तुंबलेल्या हवेच्या गाळण्या, क्षमतेपेक्षा जास्त भार व इंधनातील भेसळ यांमुळे काजळीचे प्रमाण वाढते. वाहन थांबवून एंजिन चालू ठेवणे आणि वारंवार थांबत-सुटत जाणे ही शहरी वाहतुकीची लक्षणेही निष्कासात भर घालतात.

घटक : निष्कासाचे वायुरूप व कणरूप असे दोन भाग पडतात. वायुरूप भागात कार्बन डाय-ऑक्साइड, पाण्याची वाफ व नायट्रोजन यांखेरीज नायट्रोजनाची ऑक्साइडे, सल्फर डाय-ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, बेंझीन इ. पदार्थ असतात. नायट्रोजनाची ऑक्साइडे वातावरणात गेल्यावर सूर्यप्रकाशात होणाऱ्या विक्रियांत भाग घेतात व त्यांतून जमिनीलगतचा ओझोन आणि नायट्रेटांचे दुय्यम कण निर्माण होतात. म्हणजे निष्कासाचे काही परिणाम उगमापासून बऱ्याच अंतरावर व काही वेळाने जाणवतात.

कणरूप भागाचा गाभा मूलद्रव्यी कार्बनाचा, म्हणजे काजळीचा असतो. या गाभ्यावर न जळलेले इंधन, वंगणतेल, सल्फेटे, धातूंचे अंश आणि बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने यांचे थर चिकटलेले असतात. बेंझोपायरिनासारखी काही बहुवलयी हायड्रोकार्बने व त्यांची नायट्रो-संयुगे कोशिकांतील (पेशींतील) आनुवंशिक द्रव्यावर घातक परिणाम करतात. बहुतेक कणांचा व्यास १ मायक्रोमीटरपेक्षा (मीटरच्या दशलक्षांश भागापेक्षा) कमी असतो, तर संख्येने पाहता त्यांतील पुष्कळसे ०.१ मायक्रोमीटरहूनही लहान असतात. वजनाच्या मानाने अशा कणांचे पृष्ठफळ फार मोठे असल्याने ते विषारी पदार्थांचे उत्तम वाहक ठरतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. डोळ्यांना दिसतो तो काळा धूर म्हणजे एकत्र गोळा झालेल्या काजळीचे मोठे पुंजके होत. नळीतून धूर दिसत नाही म्हणून निष्कास निर्धोक आहे, असे मानता येत नाही.

शरीरातील प्रवेश : नाक व घसा यांतील केस आणि श्लेष्मल पटल १० मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण बव्हंशी अडवून धरतात. त्यांहून लहान कण श्वासनालापर्यंत व श्वासनलिकांपर्यंत उतरतात आणि २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. वायुकोशांत श्लेष्मा व केसल अस्तर यांची सफाई-यंत्रणा नसते. तेथील भक्षिकोशिका कण गिळून टाकण्याचा प्रयत्न करतात. त्या प्रयत्नात क्षोभकारक द्रव्ये बाहेर पडून ऊतकांचा (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांचा) शोथ, म्हणजे दाहयुक्त सूज उत्पन्न होते. अतिसूक्ष्म कणांपैकी काही रक्तप्रवाहातही शिरतात.

तात्कालिक परिणाम : डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, खोकला, डोकेदुखी व मळमळ हे परिणाम सर्वपरिचित आहेत. परंतु कोणतेही लक्षण जाणवत नसतानाही शरीरात बदल घडतात, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. पुढे पुण्यात श्वसनविकारांवरील संशोधनकार्य उभारणारे डॉ. संदीप साळवी व त्यांचे यूरोपातील सहकारी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १५ निरोगी व्यक्तींना एक तासभर विरल केलेल्या डीझेल निष्कासात ठेवण्यात आले. त्या हवेत कणांचे प्रमाण दर घन मीटरला ३०० मायक्रोग्रॅम होते. फुप्फुसांच्या कार्यक्षमतेच्या नेहमीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. मात्र श्वासनलिकांच्या अस्तरात शोथाची स्पष्ट चिन्हे आढळली आणि रक्तातील बिंबाणूंची (प्लेटलेटांची) संख्या वाढलेली दिसली. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांवर करण्यात आलेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, अशाच निष्कासात व्यायाम करीत असताना हृदयाला होणारा रक्तपुरवठा स्वच्छ हवेतील व्यायामाच्या तुलनेत अधिक अपुरा पडत असल्याचे विद्युत् हृल्लेखावरून दिसून आले.

प्रयोगशाळेबाहेरील पुरावाही बोलका आहे. लंडनमधील ऑक्सफर्ड स्ट्रीट या रस्त्यावर त्या काळी मुख्यतः डीझेलवरील बसगाड्या व टॅक्सी यांनाच परवानगी होती. दम्याचे सौम्य वा मध्यम रुग्ण असलेल्या ६० प्रौढ व्यक्तींना एकदा या रस्त्याने व एकदा जवळच्या हाइड पार्क या उद्यानातून प्रत्येकी दोन तास चालविण्यात आले. रस्त्याने चालल्यानंतर, पहिल्या सेकंदात बाहेर टाकता येणाऱ्या श्वासाच्या आकारमानात ६.१ टक्क्यांपर्यंत घट झाली. उद्यानातील फेरीनंतर झालेली घट याहून पुष्कळच कमी होती. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

दीर्घकालीन परिणाम : कर्करोगाविषयीचा निर्णायक पुरावा व्यवसायामुळे निष्कासात वावरणाऱ्या कामगारांकडून मिळाला. अमेरिकेतील आठ अधातू खनिजांच्या खाणींतील १२,३१५ कामगारांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. बंदिस्त खाणीत डीझेल यंत्रांच्या सर्वाधिक संपर्कात आलेल्या कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अल्प संपर्क असलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. मालमोटार व रेल्वे उद्योगांतील कामगारांच्या पाहण्यांतूनही याच दिशेचे निष्कर्ष निघाले. शहरातील रहिवाशाला मिळणारी मात्रा खाणकामगाराच्या मात्रेहून खूपच कमी असते. परंतु ती आयुष्यभर मिळते आणि ती मिळणाऱ्यांची संख्या लाखांत असते.

बालकांवर होणारा परिणाम विशेष गंभीर आहे. शरीराच्या वजनाच्या मानाने मुले अधिक हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे वाढीच्या अवस्थेत असतात. दक्षिण कॅलिफोर्नियात १० ते १८ वर्षे वयाच्या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करण्यात आली. मोठ्या महामार्गापासून ५०० मी.च्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ १,५०० मी.पेक्षा दूर राहणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे २००७ मध्ये दाखवून देण्यात आले. या वयात राहिलेली उणीव प्रौढपणी पूर्णपणे भरून निघणे कठीण असते.

नागरी परिस्थिती : निष्कासाचा उपद्रव उगमावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो भोवतालच्या जागेवरही अवलंबून असतो. वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील गाव उदाहरणादाखल घेता येईल. या जिल्ह्यात सोयाबीन हे प्रमुख पीक असून मळणीच्या हंगामात ट्रॅक्टरावर चालणारी मळणीयंत्रे शिवारात धूर सोडीत असतात. हा धूर शहरातील मालमोटारीच्या धुरासारखाच असतो. परंतु मोकळ्या रानात वारा तो पसरवून विरळ करतो आणि हंगाम संपताच तो थांबतो. यंत्राशेजारी दिवसभर उभ्या राहणाऱ्या मजुराला मात्र त्याची झळ लागतेच. उलट दुतर्फा उंच इमारती असलेल्या शहरी रस्त्यावर हवा कोंडून राहते, निष्कास एकावर एक साठत जातो आणि हा क्रम वर्षभर चालतो. तेव्हा धोका ठरविताना वाहनांच्या संख्येबरोबरच माणूस नळीच्या किती जवळ व किती वेळ असतो, हे पाहावे लागते.

मुंबईसारख्या किनाऱ्यावरील शहरात खारे व मतलई वारे प्रदूषित हवा काही प्रमाणात वाहून नेतात. हिवाळ्यात वाऱ्याचा वेग मंदावतो व जमिनीलगतच्या थंड हवेवर उष्ण हवेचा थर बसतो. या तापमान-व्युत्क्रमणामुळे निष्कास खालच्या थरातच अडकून पडतो. टेकड्यांनी वेढलेल्या पुण्यासारख्या शहरात हा परिणाम सकाळच्या वेळी अधिक जाणवतो.

वाहतूक पोलीस, फेरीवाले, रिक्षा, बस व मालमोटार चालक, रस्त्यालगतचे दुकानदार, सफाई कामगार आणि पदपथावर राहणारी कुटुंबे हे सर्वाधिक संपर्कातील वर्ग होत. यांपैकी बहुतेकांना आपली जागा वा वेळ बदलण्याची मुभा नसते.

मुंबईतील प्रयत्न : मुंबईच्या हवेचा व आरोग्याचा पद्धतशीर अभ्यास डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी परळच्या केईएम रुग्णालयातून १९७० नंतरच्या दशकात सुरू केला. लालबाग, चेंबूर व खार या भागांतील आणि एका ग्रामीण भागातील रहिवाशांची त्यांनी तुलना केली. शहरी भागांत खोकला, धाप लागणे व वारंवार सर्दी होणे या तक्रारी अधिक आढळल्या. त्या काळी गिरण्या, कारखाने व त्यांतून निघणारे सल्फर डाय-ऑक्साइड यांवर लक्ष केंद्रित झालेले होते. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील धुराडी क्रमाक्रमाने थंडावली, तर रस्त्यांवरील वाहने वाढत गेली. प्रदूषणाचा उगम अशा रीतीने उंच धुराड्यावरून निष्कास नळीच्या उंचीवर उतरला.

पेट्रोलपेक्षा डीझेल स्वस्त असल्याने मुंबईतील अनेक टॅक्सींना डीझेल एंजिने बसविण्यात आली होती. वाहनांच्या धुराविरुद्ध ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संघटनेने १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाच्या आदेशानुसार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली व तिने एप्रिल २००० मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतरच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी व तीनचाकी वाहने एकतर रस्त्यांवरून हटविण्यात आली किंवा संपीडित नैसर्गिक वायूवर (सीएनजीवर) आणण्यात आली. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस या कंपनीने या वायूचा पुरवठा केला. ‘बेस्ट’ उपक्रमाची डीझेलवर चालणारी अखेरची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी सेवेतून निवृत्त झाली. राज्य परिवहन महामंडळाने १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर ‘शिवाई’ ही विद्युत् बस सुरू केली. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर, मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल व डीझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील काय, याचा विचार करण्यासाठी राज्य शासनाने समिती नियुक्त केली.

मानके व नियंत्रण : नियंत्रणाची सुरुवात इंधनापासून होते. १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत भारतातील डीझेलमध्ये गंधकाचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत, म्हणजे दशलक्ष भागांत १०,००० भागांपर्यंत असू शकत असे. भारत स्टेज–४ मानकाच्या इंधनात ते ५० भागांवर व १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज–६ मानकाच्या इंधनात १० भागांवर आणण्यात आले. गंधकामुळे निष्कास-शुद्धीकरणातील उत्प्रेरक निकामी होत असल्याने ही घट ही आधुनिक उपकरणांची पूर्वअटच होती.

भारत स्टेज–४ मध्ये डीझेल मोटारगाडीला दर किमी.मागे २५ मिग्रॅ. कणद्रव्याची मुभा होती. भारत स्टेज–६ मध्ये ती ४.५ मिग्रॅ. झाली आणि कणांच्या संख्येवरही मर्यादा आली. हे साधण्यासाठी कणगाळणी बसवितात. सच्छिद्र मृत्तिका-द्रव्याच्या या गाळणीत काजळी अडकते व ठराविक काळाने उच्च तापमानाला जाळून टाकली जाते. नायट्रोजनाच्या ऑक्साइडांवर यूरियाच्या जलीय विद्रावाचा फवारा सोडून उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्यांचे निरुपद्रवी नायट्रोजनात रूपांतर करतात. शहरातील संथ व अल्प अंतराच्या प्रवासात निष्कास पुरेसा तापत नाही व गाळणी तुंबते. ती काढून टाकल्यास किंवा यूरियाचा विद्राव न भरल्यास सर्व लाभ नाहीसा होतो. नव्या मानकांचा उपयोग नव्या वाहनांपुरताच होतो, हेही विसरता येत नाही. मालमोटार दीर्घकाळ वापरात राहत असल्याने जुन्या वाहनांचा निष्कास पुष्कळ वर्षे हवेत येत राहतो. म्हणूनच टोकिओ व तिच्या शेजारच्या तीन प्रांतांनी १ ऑक्टोबर २००३ पासून कणद्रव्याच्या मानकात न बसणाऱ्या डीझेल मालमोटारी व बसगाड्या यांच्या वाहतुकीवर बंदी घातली. अशा जुन्या गाड्यांना कणगाळणी बसविण्याचा पर्याय ठेवण्यात आला होता.

मापनाच्या मर्यादा : प्रदूषण नियंत्रणाच्या (पीयूसी) तपासणीत डीझेल वाहनाचे एंजिन उभ्या स्थितीत जोराने फिरवून धुराची अपारदर्शकता मोजतात. जुन्या वाहनांसाठी तिची मर्यादा ६५ हार्टरिज एकके अशी आहे. या तपासणीत नायट्रोजनाची ऑक्साइडे वा सूक्ष्म कणांची संख्या मोजली जात नाही. प्रयोगशाळेतील चाचणीही नेहमीच विश्वसनीय असते, असे नाही. चाचणीच्या वेळीच निष्कास स्वच्छ ठेवणारी प्रणाली जगभरातील सुमारे १.१ कोटी गाड्यांत बसविली गेल्याची कबुली फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने २०१५ मध्ये दिली.

हवेतील कणद्रव्य वजनाने मोजण्याच्या प्रथेमुळेही निष्कासाचे महत्त्व झाकले जाते. सारख्याच घनतेचे कण घेतल्यास १० मायक्रोमीटर व्यासाच्या एका धूलिकणाचे वजन ०.१ मायक्रोमीटर व्यासाच्या दहा लाख कणांइतके भरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांत करविलेल्या अभ्यासात मुंबईचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी), तर पुण्याचे काम तेथीलच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने केले. या अभ्यासात रस्त्यावरील धुळीचा वाटा मोठ्या कणांत प्रमुख, तर वाहनांचा वाटा सूक्ष्म कणांत अधिक आढळला. २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी भारतीय मानकानुसार (२००९) दर घन मीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यानुसार ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. शिवाय मापनकेंद्रातील आकडा हा परिसराची सरासरी असतो; चौकात आठ तास उभ्या असलेल्या पोलिसाने घेतलेला श्वास त्या आकड्यात दिसत नाही.

संरक्षणाचे उपाय : वैयक्तिक उपाय मर्यादितच आहेत. रुमाल वा साध्या कापडी पट्टीने अतिसूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारी विशिष्ट दर्जाची मुखपट्टी लागते, आणि तीही वायूंना अडवीत नाही. हमरस्त्याऐवजी आतील रस्त्याने चालणे, वाहतुकीच्या गर्दीच्या वेळी रस्त्यालगत व्यायाम टाळणे व रस्त्याकडील खिडक्या त्या वेळी बंद ठेवणे यांमुळे मात्रा काही अंशी घटते. दमा व हृदयविकार असलेल्यांनी याची विशेष काळजी घेणे इष्ट असते.

खरा परिणाम सार्वजनिक उपायांनीच साधतो. शाळा व रुग्णालये हमरस्त्यापासून दूर ठेवणे, थांबलेल्या वाहनाचे एंजिन बंद ठेवण्याचा नियम पाळणे, अवजड वाहतूक वस्तीबाहेरून वळविणे, जुनी वाहने बाद करणे, सार्वजनिक वाहतूक विजेवर आणणे आणि वाहतूक पोलिसांची चौकातील पाळी अल्प ठेवून त्यांच्या फुप्फुसांची नियमित तपासणी करणे, हे त्यांतील प्रमुख उपाय होत. मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा अनुभव असे दाखवितो, की इंधन, वाहन व कायदा यांत एकाच वेळी बदल केल्यास मोठ्या शहरातील निष्कासाचा एखादा उगम काही वर्षांत आटोक्यात आणता येतो.